कोपरा गेलेलं कार्ड

सोलापूर,
४ ऑगस्ट १९७४

ती. गुरुजींस, म्हाळसाचा वाकून नमस्कार.

'सोलापूरला गेलीस की मास्तरला विसरशील' असं तुम्ही फाट्यावर म्हणाला होता. विसरायचं लांबच, रोज दहा वेळा तुमची आठवण काढते, आणि दर वेळी चांगल्या मनानं काढते असं नाही. तुम्ही मला इंग्रजीचं व्याकरण शिकवलंत, धडे पाठ करून घेतलेत, पण इथं कुणी धड्यातलं इंग्रजी बोलतच नाही!

आमच्या नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाई केरळच्या. मराठी चारच शब्द येतात: पाणी, गप, उद्या आणि बेडपॅन. बाकी सगळं इंग्रजी, तेही वाकड्या वाटेनं. परवा मला म्हणाल्या, 'कीप ॲन आय ऑन बेड नंबर नाइन.' मी नऊ नंबरच्या खाटेपाशी उभी राहिले आणि अर्धा तास त्या गुरप्पा आजोबांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसले. शेवटी म्हातारा भ्यायला. म्हणाला, "पोरी, मी एवढ्यात मरत न्हाय की! तू जा, जेवून घे." सगळा वॉर्ड हसला. होस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर निजणारी ईरम्मा, अक्कलकोटकडची, ती तर रात्रीपर्यंत हसत होती.

तर गुरुजी, ही यादी घ्या: 'पुल अप युअर सॉक्स', 'कोल्ड फीट', 'वन्स इन अ ब्ल्यू मून', 'अंडर द वेदर'. एकेका शब्दाचा अर्थ येतो, चारी मिळून काय म्हणायचंय ते कळत नाही. डिसेंबरात आमची इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे.

आणखी एक. मी निघाले तेव्हा आबा पोट धरून ओव्याचा अर्क पीत होते. आता कसं आहे? आबांनी सगळ्या वाडीशी वाकडं घेऊन मला इथं धाडलंय. त्यांना काही झालेलं मला सोसणार नाही. खरं ते लिहा.

तुमची,
म्हाळसा

•

बिरोबाची वाडी, ता. सांगोले,
११ ऑगस्ट १९७४

चि. म्हाळसास, रामहरी मास्तरचे आशीर्वाद.

पत्र वाचून शाळेत एकटाच हसलो. चौथीच्या पोरांना वाटलं, मास्तरला भानामती झाली.

नऊ नंबरवर 'लक्ष ठेव' एवढंच त्या बाई म्हणत होत्या. डोळा ठेवायचा म्हणजे डोळे वटारायचे नव्हेत. आता यादी. मोजे वर ओढायला सांगितलं की समजायचं, कंबर कस, आळस पुरे. पाय गार पडले म्हणजे ऐन वेळी हातपाय गळाले. निळा चंद्र म्हणजे आपला कपिलाषष्ठीचा योग, जसा इन्स्पेक्टरसाहेब आपल्या शाळेत खूश होऊन जाण्याचा असतो. आणि हवामानाच्या खाली असणं म्हणजे अंगात कसकस असणं. धड आजारी नाही आणि धड बराही नाही.

आपल्या भाषेतही हेच आहे, पोरी. 'नाकी नऊ आले' म्हटल्यावर कुणी नाकाशी मोजत बसतं का? तशीच त्यांचीही खोड. फक्त पाठ करून ते येत नाही, वापरावं लागतं. म्हणून आजपासून माझा नियम: मला येणारं प्रत्येक कार्ड इंग्रजीत, आणि त्यात निदान दोन वाक्प्रचार. घरच्या खुशालीचंही त्यातच लिही. तुझ्या आईला मी वाचून दाखवीन. सगळ्या वाडीची पत्रं मीच वाचतो, त्यात तुझं एक जड नाही.

आबांची काळजी नको. खातात, पितात, मेंढरांमागं जातात. परवा बाजारालाही गेले होते.

रामहरी मास्तर

•

सोलापूर,
१ सप्टेंबर १९७४

ती. गुरुजींस नमस्कार.

इंग्रजी कार्डं तीन पाठवली, मिळाली असतील. आज रविवार, म्हणून तुमचा नियम मोडून मराठीत मन मोकळं करते.

वॉर्डात मला एका दिवसात पाच भाषा लागतात. तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी 'नोप्पी, नोप्पी' म्हणते, म्हणजे दुखतंय. ईरम्मा माझ्याशी भांडताना कानडीत शिरते. विजापूर वेशीकडचा एक चाचा म्हणतो, 'पेट में भोत दुखरा, बेटी.' आणि हे सगळं मी मेट्रनबाईंना इंग्रजीत सांगायचं. परवा मी म्हटलं, 'बेड नंबर फोर इज अंडर द वेदर.' बाईंनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदा हसल्या. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण गुरुजी, तुमच्या पत्रात आबांबद्दल तीनच ओळी होत्या, आणि तिन्ही गुळगुळीत. निबंधात असं लिहिलं की तुम्ही आम्हाला 'पानं भरू नका' म्हणून छडी दाखवत होता. धुळादादाचंही दोन महिन्यांत पत्र नाही. आबा बाजाराला गेले होते, हे चांगलं आहे. चालत गेले होते का?

म्हाळसा

•

बिरोबाची वाडी,
२२ सप्टेंबर १९७४

चि. म्हाळसास आशीर्वाद.

हे पत्र धुळाच्या हाती देतोय, आणि धुळाबरोबर तुझे आबा आहेत. तेव्हा पत्र नंतर वाच, आधी त्यांना डॉक्टरांपुढं ने.

आता वाचत असशील तर ऐक. मी तुला खोटं लिहिलं. बाजाराला ते बैलगाडीत आडवे होऊन गेले होते, तेही वैदूकडं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच तुझ्या बापानं, ज्ञानबानं, माझ्याकडून शपथ घेतली होती. म्हणाला, "मास्तर, पोरगी परीक्षा सोडून पळत यील. दुखनं माजं हाय, तिला कशाला वाटा?" मी शपथ पाळली, आणि आता मान खाली घालून बसलोय. काल दुपारपासून पोट फळीसारखं कडक झालंय, ताप उतरत नाही. तुझ्या आईनं मेंढरं सोडून यायचं म्हटलं, पण शंभर मेंढरं कुणाच्या गळ्यात बांधणार? ती मागं राहतेय. गाडी जुंपून उभी आहे, तरी ती चाकापासनं हलत नाही.

काय होईल ते लगेच कळव. तिला दुसरा कसलाच धीर नाही.

रामहरी

•

सोलापूर,
२४ सप्टेंबर १९७४

ती. गुरुजींस,

आबांना आत्ता आत नेलंय. मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसून हे लिहितेय. मला आत येऊ देत नाहीत. मेट्रनबाई म्हणाल्या, आज तू नर्स नाहीस, मुलगी आहेस.

अपेंडिक्स फुटलंय. पू पोटभर पसरलाय. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. दादानं रक्त दिलं आणि भिंतीला टेकून बसलाय. आत जाताना आबा मला म्हणाले, "तुजी परीक्षा कवा हाय?" मी म्हटलं, डिसेंबरात. तर म्हणाले, "मंग हाय की वकूत."

तुमच्यावर मी रागावलेय. पण राग नंतर. आईला हे सगळं वाचून दाखवा, काही लपवू नका. पुरे झालं लपवणं.

म्हाळसा

•

बार्शी,
१ ऑक्टोबर १९७४

चि. म्हाळसास आशीर्वाद.

पत्ता बघून चमकू नकोस. गेल्या शुक्रवारी अचानक हुकूम आला, तालुक्यातल्या मास्तरांचं शिबिर बार्शीला, आठ दिवस, न आल्यास पगार कापू. शनिवारी निघालो. जीव वाडीतच आहे.

तुझं २४ तारखेचं पत्र निघण्याआधी मिळालं. आईला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. ती एवढंच विचारत होती, "पोट फाडत्यात ते मागारी शिवत्यात नव्हं?" शिवतात म्हटलं. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं.

पोस्टमन येडूला बजावून आलोय, म्हाळसाचं कार्ड आलं की शाळेच्या कुलपाला अडकवू नकोस, थेट तिच्या आईच्या, अंबुबाईच्या हातात दे. येडूला मराठी वाचता येतं, तो वाचून दाखवील. आणि काल इथं व्याख्यान ऐकता ऐकता माझ्या डोक्यात वीज चमकली. तुझी कार्डं माझ्याच नियमानं इंग्रजीत येतात! ते येडू काय वाचणार, कपाळ? म्हणून हे तातडीनं लिहितो: मी परत जाईपर्यंत वाडीला टाकशील ते मराठीतच टाक. आबांचं काय झालं? इथं मला काही कळायला मार्ग नाही.

रामहरी

•

बिरोबाची वाडी,
७ ऑक्टोबर १९७४

चि. म्हाळसास अनेक अनेक आशीर्वाद.

आधीच सांगतो, इथं सगळं ठीक आहे. तुझी आई ठीक, मेंढरं ठीक. आबा वाचले हे वाडीला कळलं आहे. हे वर लिहून ठेवलं, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव खालीवर होईल. माझा तीन तास झाला होता.

माझं बार्शीचं पत्र तुला उशिरा मिळालं हे उघड आहे, कारण तुझं ३० तारखेचं कार्ड इंग्रजीतच आलं. गुरुवारी येडूनं ते आईच्या हातात दिलं. उलटंपालटं करून म्हणाला, "विंग्रजी हाय, काकी. मास्तर आल्याबिगर न्हाय कळायचं." आईनं ते कुडाच्या फटीत खोचलं आणि मेंढरांमागं गेली. संध्याकाळी येऊन बघते तर कार्ड खाली पडलेलं, खालचा एक कोपरा गायब.

आता तुला सांगायला नको, कोपरा फाडलेलं कार्ड आपल्याकडं कशाचं असतं. मयताचं. ते घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात. आणि त्यात पितृपंधरवडा. शुक्रवारी सकाळी तुझी बजाआत्या सहज म्हणून आली, तिनं कार्ड बघितलं आणि तिथंच हंबरडा फोडला. "माजा भाऊ ग्येला गं!" तासाभरात वाडी दारात.

येडूला बोलावलं. त्यानं बिरोबाची आण घेतली, "मी दिलं तवा चारी कोपरं शाबूत हुतं." आई म्हणाली, "आवो, करडानं खाल्लंय. हे बगा, दाताची कड." खरंच कड दातरलेली होती, मेंढरात जन्म काढलेल्या बाईला ते कळायचं नाही तर कुणाला? पण बजाआत्या ऐकते थोडीच! "करडानंच का खाल्लं? रानात पाला संपला का? देवानंच त्येच्या तोंडानं कोपरा तोडला." म्हाताऱ्या माना डोलावू लागल्या. बांगड्या फोड, कार्ड घराबाहेर टाक, सुतक धर, असा तीन दिवस तिच्यामागं धोशा. आणि तुझ्या आईचं एकच, "मास्तर वाचत्याल. तवर माज्या हाताला कुनी हात लावला तर काठी घीन."

मी काल, रविवारी दुपारी फाट्यावर उतरलो. तुमच्या दारातली माणसं बघून माझे पाय गार पडले, तुला शिकवलेले तसेच. आई उंबऱ्यात बसली होती, मुठीत कार्ड, हातात हिरव्या बांगड्या. तिनं कार्ड पुढं केलं.

मी वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. 'ऑपरेशन इज ओव्हर. इट वॉज टच अँड गो फॉर थ्री डेज. नाऊ डॉक्टर सेज आबा इज आउट ऑफ द वूड्स.' पुढची ओळ करडाच्या पोटात. म्हाळसा, मी तुला या दोन महिन्यांत बत्तीस वाक्प्रचार शिकवले. नेमके हे दोन माझ्या वहीत नव्हते! ऑपरेशन संपलं, हे कळलं. तीन दिवस कसले? रानाबाहेर म्हणजे कुठं? आणि तो 'गो' म्हणजे गेला की काय? माझा चेहरा बघून बजाआत्यानं पुन्हा सूर लावला.

वाटलं, बरं आहे म्हणून ठोकून द्यावं. पण एकदा खोटं लिहून काय झालं ते बघितलं होतं. म्हणालो, "अंबुबाई, मला ह्यातलं महत्त्वाचं तेवढंच कळत नाही."

वीस वर्षं या वाडीत मला इंग्रजी येतं म्हणून लोक पायरीवरनं नमस्कार करतात. ते सगळे ऐकत होते. तुझी आई म्हणाली, "मंग कुनाला कळतंय?"

"सांगोल्याच्या हायस्कुलात. शिवलिंगप्पा सरांना."

"मंग जावा की."

तुला माहीत आहे, शिवलिंगप्पा सरांशी मी चार वर्षं बोलत नाही. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर त्यांनी माझं इंग्रजी दुरुस्त केलं होतं, आणि त्यांचंच बरोबर होतं, हे जास्त झोंबलं होतं. पण सायकल काढली. चार कोस, समोरनं वारा. सर जेवत होते. मी नमस्कारसुद्धा न करता कार्ड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं, डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "रामहरी, खाली बस. माणूस वाचलाय. तीन दिवस आज जातो का उद्या असं होतं, आता धोक्यातनं पार पडलाय." मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, "हे मलासुद्धा कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं." खोटं असावं. पण मला फार बरं वाटलं. त्यांच्याच ताटातली अर्धी भाकरी खाल्ली, पाणी प्यालो, आणि निघालो.

वाडीच्या अलीकडनंच ओरडत आलो, "वाचला! ज्ञानबा वाचला!" बजाआत्या रडायची थांबली, मग आनंदानं दुप्पट रडली, मग चहाला गूळ आहे का म्हणून आईलाच विचारू लागली. आई उठली. वाघरीची जाळी उघडून मेंढरं आत घेतली, एकेक मोजून घेतली, आणि मग वाघरीच्या मागं जाऊन रडली. मी ऐकलं. कुणाला जाऊ दिलं नाही तिकडं.

माणसं पांगल्यावर मी विचारलं, "अंबुबाई, तीन दिवस सगळी वाडी एका बाजूला, कार्ड असं. तुमी बांगडी का फोडली नाही? खरं सांगा, भ्या वाटलं नाही?"

"भ्या वाटंना कसं? तीन दिस भाकर गिळली न्हाय," ती म्हणाली. "पन मास्तर, हे कार्ड विंग्रजी हाय, ते मला दिसत हुतं."

"तुमाला कसं दिसतं?"

"आपल्या अक्षराला वर आडवी दांडी आसती. दोरीवर लुगडी वाळत घातल्यावानी अक्षरं लोंबत्यात. ह्येला दांडी न्हाय. पोरगी बऱ्या बातमीला विंग्रजी लिवती, तुमी आदी फाडफाड वाचून दावता, मंग मराठीत सांगता. पोट फाडायचं पत्र आलं, तवा त्येला दांडी हुती." मग म्हणाली, "बाप ग्येल्यावर पोर आयला काय शिकल्याली भाषा लिवंल व्हय, मास्तर? ती आपल्या बोलीत रडंल की."

मी उठलो, घरी आलो, आणि सकाळी उठून हे लिहायला बसलो.

नियम मागं घेतला आहे. आईला लिहायचं ते मराठीत लिही. मला इंग्रजीत लिही. शिवलिंगप्पा सरांनी आपलं वाक्प्रचारांचं पुस्तक मला वाचायला दिलंय. दर रविवारी मी त्यांच्याकडं जाणार आहे.

रामहरी मास्तर

•

सोलापूर,
१२ ऑक्टोबर १९७४

ती. गुरुजींस,

तुमचं पत्र मी आबांना आणि दादाला वाचून दाखवलं. आबांना हसायची बंदी आहे, टाके दुखतात. करडाच्या अंगात देव आला तिथं त्यांनी उशी पोटावर दाबून धरली. म्हणाले, "बजीला सांगा, मी मेलो तर आदी तिला कळवीन." दादा मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता. ईरम्माला मराठी पत्र नीटसं कळलं नाही, पण ती आम्हा तिघांकडं बघूनच रडली.

करडानं खाल्लेली ओळ सांगते. 'ही इज आस्किंग फॉर भाकरी.' वाक्प्रचार दोन झाले होते, नियम पुरा झाला होता, म्हणून शेवटची ओळ साधी लिहिली. तेवढीच साधी ओळ होती त्या कार्डात, तुम्हाला वाचता क्षणी कळली असती, आणि करडाला नेमकी तीच गोड लागली!

तुमच्यावरचा राग गेला. खरं तर तुम्ही सायकल काढलीत तिथंच गेला.

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही, दादालाही नाही, ते तुम्हाला सांगते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, २७ तारखेला, आबांना शुद्ध नव्हती. पहाटेपासून ते मेंढरांना हाका मारत होते. डॉक्टर दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, घरच्यांना कळवून ठेव. मी कार्ड घेतलं, वॉर्डाच्या पायरीवर बसले. गुरुजी, त्या वेळी मला तुमचा नियम आठवला नाही, इंग्रजीचा एक शब्द आठवला नाही. मी मराठीत 'आईस' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना. किती वेळ बसले ते कळलं नाही. मग आतून मेट्रनबाईंनी हाक मारली, ताप उतरायला लागला होता.

आईला कसं कळलं? मी हे कुणालाही बोलले नव्हते. तुमचं पत्र वाचताना 'आपल्या बोलीत रडंल' या ओळीशी आले आणि ती पुन्हा वाचली.

ते कार्ड मी फाडलं नाही, वहीत तसंच होतं. आज त्याच्यावरच पुढं लिहिलंय, आणि या पाकिटात घातलंय. आईला वाचून दाखवा, पण त्याआधी तिच्या हातात द्या. तिला दांड्या बघू द्या.

तुमची,
म्हाळसा

•

आईस,

हे मराठीत आहे म्हणून भिऊ नकोस.

आबांचे टाके काल काढले. जखम चांगली भरली आहे. सकाळी स्वतः उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथल्या रखवालदाराशी मेंढरांच्या भावावरून भांडून आले. डॉक्टर म्हणाले, भांडतोय म्हणजे बरा झाला. दोन महिने ओझं उचलायचं नाही, तिखट कमी, हे ते ऐकणार नाहीत, तू ऐकव.

वरचं 'आईस' जरा वाकडं आलंय. ते त्या दिवशी लिहिलेलं आहे. बाकीचं सगळं आजचं आहे.

बुधवारी, घट बसायच्या दिवशी, सकाळच्या गाडीनं दादा त्यांना घेऊन निघतोय. दुपारी घोडं घेऊन फाट्यावर ये.

तुझी,
म्हाळसा